स्का बँडचं रेकॉर्डिंग: एकत्र वाजवताना उडतं, रेकॉर्डवर बसतं. नेमकं कुठे चुकतं?

आठवा_इनपुट:

आठ जणांचा स्का बँड आहे (स्का म्हणजे जमैकातलं, ऑफबीटवर उसळणारं नाचाचं संगीत). ड्रम्स, बेस, गिटार, ऑर्गन, ट्रम्पेट, टेनर सॅक्स, ट्रॉम्बोन आणि गायिका. पाच गाणी करायची आहेत, हातात दोन दिवस, एकच मध्यम आकाराची खोली आणि आठ इनपुटचा इंटरफेस (माईक आणि वाद्यांच्या वायरी संगणकात घेणारा डबा). गाण्यांची लय १३२ ते १५६ बीपीएम (मिनिटाला ठोके).

मागच्या डेमोला सगळं सुटं सुटं केलं होतं. आधी क्लिकवर (हेडफोनमधल्या मेट्रोनोमच्या टकटकीवर) ड्रम्स, मग बेस, गिटार, ऑर्गन, शेवटी हॉर्न (ट्रम्पेट, सॅक्स, ट्रॉम्बोन). एकेक ट्रॅक सोलो करून ऐकला तर कुणाचंच काही वाईट नाही. सगळे एकदम लावले की गाणं जड होतं, ऑफबीट (दोन ठोक्यांच्या मधला ठोका) उसळायच्या ऐवजी घसरतो. हॉर्न तिघं आपसांत जुळतात, पण ऑर्गन आला की चढे लागतात, आणि दिवस जाईल तसे जास्तच चढतात.

या वेळी सगळ्यांना एकत्र बसवावं की पुन्हा सुटंच करावं? क्लिक ठेवावा का? आठ इनपुट कसे वाटावेत? आणि हॉर्नच्या सुराचं काय करावं? माईक साधेच आहेत: दोन एसएम ५७, एक किकचा (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमचा), दोन कंडेन्सर, एक रिबन.

ठोकेबाज:

ऱ्हिदम सेक्शन (ड्रम्स, बेस, गिटार, ऑर्गन) एकत्रच वाजवा, यात दुसरा विचार नको. स्का म्हणजे चौघांनी मिळून ठरवलेली मोकळी जागा. गिटार कधी वाजली याला जितकं महत्त्व, तितकंच ती कधी थांबली याला. सुट्या टेकमध्ये प्रत्येक जण ठोक्यावर बरोबर येतो, पण सोडतो आपापल्या मनाने. मग गिटारची शेपटी ऑर्गनच्या पोटात, ऑर्गनची शेपटी पुढच्या किकवर. सोलो केल्यावर हे ऐकू येत नाही, कारण चूक कुठल्याही एका ट्रॅकमध्ये नसतेच.

आकड्यात बघा. १५० च्या लयीत एक ठोका ४०० मिलिसेकंदांचा, म्हणजे ठोका ते ‘अँड’ (दोन ठोक्यांच्या मधला बिंदू, तोच ऑफबीट) २०० मिलिसेकंद. गिटारची चाप (कॉर्डचा आखूड फटका) त्यातली ८० ते १०० धरली पाहिजे, बाकीची शांतता. गिटारवाल्याने १६० धरली आणि ऑर्गनवाल्याने १८०, तर पुढच्या ठोक्यापर्यंत श्वास घ्यायला जागाच उरली नाही. यालाच तुम्ही ‘जड’ म्हणताय.

ड्रम्सबद्दल. जुन्या जमैकन ढंगात किक आणि स्नेअरच्या (समोरच्या लहान, कडक ड्रमच्या) रिमवरची काडी दोन्ही एकदम २ आणि ४ वर पडतात, हायहॅट ‘अँड’वर. स्कॅटलाइट्स या जुन्या जमैकन बँडच्या ड्रमरचा, लॉइड निबचा हात ऐकलात की कळेल, १ वर जवळजवळ काहीच नसतं, तिथे बेस उभा असतो. १९७९ नंतरच्या टू टोन या इंग्लंडमधल्या लेबलच्या गाण्यांत रॉकचा आणि पंकचा हिसका जास्त, तिथे किक १ वरही येते आणि स्नेअर पूर्ण आवाजात. दोन्ही चालतात, पण एका गाण्यात कुठला ढंग हे बेसवाल्याशी आधी ठरवा. ड्रमरने १ वर किक टाकली आणि बेसवाल्याने ती जागा स्वतःची समजून जोरात छेडली, की तळ फुगतो आणि वरचं सगळं दबतं.

स्नेअर चढ्या सुरात ताणा, टिंबाल्याच्या जवळ जाईल इतकी. १४ इंची धातूची असेल तर उत्तम. डफसारखी खोल स्नेअर या संगीतात दोन ठोक्यांमधली जागा खाते. क्रॅश शक्यतो काढूनच ठेवा. समोर असली की हात जातोच, आणि तिचा तीन सेकंदांचा सळसळाट सात-आठ ऑफबीटवर पसरतो.

माईक तीन पुरेत: किक, स्नेअर, आणि वर एक कंडेन्सर, स्नेअरच्या पुडीपासून साधारण एक मीटरवर, ड्रमरच्या उजव्या खांद्याच्या बाजूने. ड्रम्स मोनो राहतील. राहू द्या. गेन (इनपुटची पातळी) लावताना एक गोष्ट हमखास चुकते. कडव्यात रिमवर काडी असते, तेव्हा गेन लावला जातो, आणि ध्रुवपदाला पूर्ण स्नेअर आली की इनपुट फुटतं. गेन नेहमी सगळ्यात मोठ्या भागावर लावायचा, शिखर उणे १० डेसिबलच्या आसपास.

क्लिक माझ्या मते नको. १ ते ४ मोजून सुरुवात द्या आणि सोडा.

जाडतार:

बेसकडे दुर्लक्ष होतंय म्हणून लिहितो. वरची चाप जितकी आखूड, तितका बेस लांब हवा. चालता बेस म्हणजे १-२-३-४ चार स्वर, आणि प्रत्येक स्वर पुढच्या स्वराला टेकेपर्यंत धरलेला. बोट उचलून तोडलात की खालीही भोकं, वरही भोकं, गाणं लंगडतं. सुरुवातीच्या स्कामध्ये उभा बेस होता (स्कॅटलाइट्सचा लॉइड ब्रेव्हेट), त्याचा स्वर गोल आणि जाड, पण फार लांबणारा नाही. इलेक्ट्रिकवर त्याच्या जवळ जायला फ्लॅटवाउंड (गुळगुळीत गुंडाळीच्या) तारा, टोनची कळ निम्म्यावर, आणि ब्रिजपाशी तारांखाली बोटभर फोमची पट्टी. पट्टी फार दाबली तर स्वरच मरतो. तार छेडल्यावर साधारण एक सेकंद ऐकू आली पाहिजे.

डीआयमधून (वाद्याची वायर माईकशिवाय इंटरफेसला जोडणारा डबा) थेट घ्या, खोलीत बेसचा अ‍ॅम्प नको. एकत्र वाजवताना ड्रम्सच्या माईकमध्ये सगळ्यात जास्त चिखल बेसच्या अ‍ॅम्पने होतो आणि तो नंतर कशानेच निघत नाही.

क्लिकबद्दल ठोकेबाजशी अर्धा सहमत. सरळ आठव्यांचा क्लिक लावलात तर ड्रमरचा हलका झोका मोडतो. पुष्कळ जुन्या स्कामध्ये ‘अँड’ बरोबर मधोमध नसतो, किंचित मागे असतो. पण तालमीत क्लिक जरूर वापरा, तोही उलटा: क्लिकचा टक् म्हणजे ‘अँड’ असं समजून वाजवायचं. पहिल्या दिवशी दहा सेकंदांत सगळे उलटे पडतात आणि टक् पुन्हा ठोक्यावर येतो. आठवडाभर केलं की ऑफबीट आपोआप जागेवर बसतो.

वरच्या_तीन_तारा:

गिटार. दोष बहुतेक वेळा उजव्या हाताला दिला जातो, असतो डाव्यात. चाप तोडायची ती डाव्या हाताचा दाब काढून. बोटं तारेवरच राहिली पाहिजेत, नुसता दाब जायला हवा. बोटं पूर्ण उचलली तर उघड्या तारा गुणगुणतात, आणि ई किंवा ए तार उघडी गुणगुणली की ती थेट बेसच्या गल्लीत शिरते. म्हणून वरच्या तीन, फार तर चार तारांवरच कॉर्ड धरा. सहा तारांचा बारे (एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरलेला कॉर्ड) या कामाला निरुपयोगी.

खालून वर की वरून खाली, यावर लोक भांडतात. खालून वर मारलं की बारीक तारा आधी लागतात, आवाज पातळ आणि खटकेदार येतो. वरून खाली मारलं तर थोडा भरीव. हळू गाण्यात वरून खाली बरं वाटतं, १४० च्या पुढे खालून वर. गाण्याच्या मध्येच बदलू नका, एवढंच.

अ‍ॅम्प स्वच्छ, गेन कमी, बेसची कळ १० पैकी २ वर, ट्रेबल ६-७. जरा जरी फाटका आवाज ठेवलात तरी चाप लांबते, कारण डिस्टॉर्शन शेपटीला वर ओढतं. खोलीत एकट्याने वाजवताना हा आवाज अगदी किडका लागतो, गिटारवाला नाराज होतो आणि गुपचूप बेसची कळ वाढवतो. तिच्यावर चिकटपट्टी लावा. तारा ११ च्या घ्या. ९ च्या तारांवर जोराची चाप मारली की सुरुवातीलाच सूर क्षणभर चढतो.

अ‍ॅम्प शेजारच्या खोलीत किंवा कपड्यांच्या कपाटात, ५७ जाळीपासून तीन-चार सेंटिमीटरवर, स्पीकरच्या कोनच्या मधल्या टोपीच्या कडेला. बरोबर मधोमध ठेवलात तर कान चिरेल.

ऑर्गनवाल्याला हे सांगा: गिटार आणि ऑर्गन दोघांनी एकाच पट्ट्यात तोच कॉर्ड ‘अँड’वर मारला आणि त्यांच्यात १५-२० मिलिसेकंदांचा फरक पडला, तर दोन चापा ऐकू येत नाहीत, एक बोथट चाप ऐकू येते. दोन उपाय आहेत. ऑर्गनने कॉर्ड मधल्या सी च्या आसपास धरायचा आणि गिटारने त्याच्या वर, किंवा कडव्यात दोघांपैकी एकानेच वाजवायचं. मला दुसरा जास्त आवडतो. ध्रुवपदाला दुसरा आला की गाणं आपोआप मोठं होतं, फेडर हलवावा लागत नाही.

तीन_खटके:

हॉर्नचा प्रश्न सुराचा आहे तसाच तापमानाचाही. फुंकीचं वाद्य गार असताना उतरलेलं असतं, तापलं की चढतं, कारण गरम हवेत ध्वनी वेगाने जातो. हवा एक अंश तापली की हिशेबाने जवळजवळ तीन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढतात. वाद्याच्या आत श्वासाची ऊब असल्याने खोलीचा परिणाम तेवढा पुरा लागत नाही, पण दिवसभरात दहा-पंधरा सेंट सहज. गिटारच्या तारा मात्र तापल्या की उतरतात, आणि ऑर्गन जागचा हलत नाही. तिघं तीन दिशांना. तुमचे हॉर्न आपसांत जुळतात कारण ते एकत्र चढतात.

म्हणून आधी १५ मिनिटं फुंकायचं, मग सूर लावायचा, आणि तो ऑर्गनवर, ट्यूनरवर नाही. लावल्यावर वाद्य खाली ठेवायचं नाही. मधे अर्ध्या तासाचा खंड पडला तर पुन्हा पाच मिनिटं फुंकून पुन्हा जुळवायचं. सॅक्सचा माउथपीस कॉर्कवर आत ढकलला की सूर चढतो, बाहेर ओढला की उतरतो. गार वाद्यावर लोक तो आत ढकलून बसतात आणि तासाभराने चढे का म्हणून विचारतात. कॉर्कवर पेन्सिलने एक रेघ मारून ठेवा, कुठे होता ते कळतं.

ट्रम्पेटवर १-३ आणि १-२-३ व्हॉल्वचे खालचे स्वर, म्हणजे डी आणि सी शार्प, जन्मजातच चढे असतात. तिसऱ्या व्हॉल्वची स्लाइड डी ला साधारण एक सेंटिमीटर बाहेर, सी शार्पला त्याहून जास्त. ती अडकत असेल तर आजच साफ करून ग्रीस लावा, रेकॉर्डिंगच्या दिवशी नको. ट्रॉम्बोनला सबबच नाही, अख्खं वाद्यच स्लाइड आहे.

गाण्याची पट्टी (की) बघा. गिटारवाल्यांनी रचलेली गाणी ई आणि ए मध्ये असतात. ई मधलं गाणं बी फ्लॅटच्या वाद्याला, म्हणजे ट्रम्पेट आणि टेनरला, एफ शार्पमध्ये वाजवावं लागतं, सहा शार्प. बोटं अडखळतात आणि त्याचा दोष लयीला लागतो. तेच गाणं एफ मध्ये नेलं तर त्यांना जी, एकच शार्प. गिटारला एक पडदा वर सरकायचं, बास. गायिकेला अर्धा सूर सहसा जड जात नाही. बी फ्लॅट आणि ई फ्लॅट तर हॉर्नला घरच्या पट्ट्या. टेनरचं लिखाण करताना तो ट्रम्पेटपेक्षा एक सप्तक खाली वाजतो हे विसरू नका. ट्रम्पेटचाच कागद त्याला दिलात तर दोघं सप्तकाने वेगळे वाजतील. कधी ते छान लागतं, पण ठरवून करा.

सोडण्याची जागा कागदावर लिहा. लांब स्वराच्या पुढे ‘४ वर बंद’ किंवा ‘३ च्या अँडवर बंद’. ‘दोन ठोके धरा’ असं लिहिलंत तर एक जण तिसरा ठोका आल्यावर सोडतो, एक त्याआधी. आखूड स्वर जिभेने थांबवायचा की श्वासाने, तेही ठरवा. जिभेने थांबवला तर ‘दात्’, श्वासाने तर ‘दाह्’. तिघांपैकी एकानेच ‘दाह्’ केलं तर अख्खा सेक्शन सैल वाटतो.

माईकिंगला तुमचा रिबन सोन्यासारखा आहे. तो पुढून आणि मागून सारखाच ऐकतो, कडेने जवळजवळ बहिरा. एका बाजूला ट्रम्पेट सव्वा मीटरवर, दुसऱ्या बाजूला टेनर आणि ट्रॉम्बोन ७०-८० सेंटिमीटरवर, बहिरी बाजू सगळ्यात कडक भिंतीकडे. समतोल पायांनी साधायचा: जो मोठा वाटतो तो अर्धं पाऊल मागे. ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोनची तोंडं थेट रिबनवर नकोत, बोटभर बाजूला. जवळून बसलेला फुंकीचा झोत रिबन ताणून टाकतो. सॅक्सचा आवाज नुसता घंटेतून (पुढच्या रुंद तोंडातून) येत नाही, भोकांतूनही येतो, म्हणून माईक घंटेत खुपसू नका.

ओठ हे बॅटरीसारखे आहेत. वरचे स्वर असलेली गाणी गरम झाल्यावर लगेच घ्या, सोपी शेवटी. तीन टेक, दहा मिनिटं विश्रांती. दोन तासांनंतर ट्रम्पेटवाला ‘अजून एक’ म्हणाला तरी थांबा, सूजलेला ओठ सूर चढवत नाही, पाडतो, आणि तो जोर लावून वर खेचतो. एडिटिंगला बसल्यावर हा भाग लगेच ओळखू येतो.

आठवा_इनपुट:

खूपच उपयोगी. म्हणजे चौघं एकत्र, हॉर्न नंतर? जुने लोक तर अख्खा बँड एका खोलीत वाजवायचे ना. आणि एक राहिलं: नंतर डब केलेले हॉर्न गेल्या वेळी सगळेच किंचित मागे पडल्यासारखे होते. तिघंही एकदम मागे कसे पडतील?

फेडर:

तिघं एकदम मागे म्हणजे दोष माणसांत नाही, इंटरफेसमध्ये. ड्रायव्हर लेटन्सी (आवाज आत-बाहेर जायला लागणारा उशीर) चुकीची कळवत असेल तर प्रत्येक ओव्हरडब (आधीच्या ट्रॅकवर नंतर वाजवलेला) तेवढाच उशिरा बसतो. तपासायला पाच मिनिटं लागतात. इंटरफेसच्या एका आउटपुटमधून वायर काढून थेट इनपुटमध्ये घाला, ट्रॅकवरचा क्लिक बाहेर पाठवा आणि तोच नव्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. दोन्ही झूम करून अंतर मोजा. ४८ किलोहर्ट्झला ४८० सॅम्पल्स म्हणजे १० मिलिसेकंद. जितकं भरेल तितकं सॉफ्टवेअरच्या रेकॉर्ड ऑफसेटमध्ये घाला आणि पुन्हा मोजा. बफर किंवा सॅम्पल रेट बदललात तर हीच तपासणी परत. दुसऱ्या एखाद्या संगीतात १० मिलिसेकंद खपून जातात. इथे चाप १०० ची, म्हणजे दहावा हिस्सा गेला.

जुन्या लोकांचं म्हणाल तर खरं आहे. किंग्स्टनमध्ये साठच्या दशकाच्या सुरुवातीला सगळे एका खोलीत, थेट एक-ट्रॅक टेपवर. निर्माता कॉक्सन डॉडचा स्टुडिओ वन १९६३ चा, तिथेही सुरुवात तशीच. सोलो वाजवणारा माईककडे सरकायचा, झाला की मागे, मिक्स म्हणजे एवढंच. पण ते हॉर्नवाले कोण होते? डॉन ड्रमंड, टॉमी मॅकुक, लेस्टर स्टर्लिंग, सगळे अल्फा बॉइज स्कूलच्या बँडमध्ये तालीम झालेले. नंतर टू टोनच्या रेकॉर्डवर वाजवणारा रिको रॉड्रिग्जही तिथलाच. सूर आणि सोडणं तिथे लहानपणीच घोटून झालेलं. एकाने चूक केली तर आठही जणांचा टेक जातो. दोन दिवसांत पाच गाणी करायची असतील तर तुम्हाला ते परवडणार नाही.

तुमचे आठ इनपुट असे: किक, स्नेअर, वरचा कंडेन्सर, बेस डीआय, गिटारचा ५७, ऑर्गन डीआय, सातव्यात गायिकेचा कच्चा ट्रॅक, आठवा खोलीत दूर एक कंडेन्सर. पहिला दिवस एवढाच. कच्चा आवाज गाळू नका, गायिका नसेल तर ऱ्हिदमवाले कडवं मोजायला लागतात आणि फिल भलत्या जागी पडतो. शक्य असेल तर तिला दुसऱ्या खोलीत उभं करा, नाहीतर तिचा आवाज ड्रम्समध्ये कायमचा राहील. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉर्न रिबनवर, तिघं एकत्र, एक कान हेडफोनच्या बाहेर. दोन्ही कान झाकले की स्वतःचा सूर हवेत ऐकू येत नाही आणि लोक चढे वाजवतात. हेडफोनमध्ये ऑर्गन जास्त, झांजा कमी. दुपारनंतर गायिकेचा पक्का ट्रॅक.

क्लिकवर ठोकेबाजशी माझं जमणार नाही. दोन टेकमधले तुकडे जोडायचे असतील तर लय सारखी हवी. मधला रस्ता: गाण्याआधी दोन मापं क्लिक, फक्त ड्रमरला, मग बंद.

आता मिक्स. एको लावताना नेमकं इथेच सगळे फसतात. १५० च्या लयीत गिटारवर २०० मिलिसेकंदांचा डिले लावलात तर प्रत्येक चापेची सावली बरोबर ठोक्यावर पडते, म्हणजे जी जागा मोकळी ठेवली तीच भरली. ४०० लावा, सावली पुढच्या चापेखाली लपते. ३०० ही धोकादायक. एको बरा दिसतो तो स्नेअरच्या एखाद्याच ठोक्यावर किंवा ट्रॉम्बोनच्या ओळीच्या शेवटी, सेंड (एकोकडे आवाज पाठवणारी कळ) हाताने उघडून लगेच बंद करून. रिव्हर्ब सव्वा सेकंदाच्या आत, आणि त्यात जाण्याआधी २५० हर्ट्झच्या खालचं कापून.

गिटारला हायपास (खालचं कापणारा फिल्टर) १८० हर्ट्झच्या आसपास, ट्रम्पेट-सॅक्सला १२०, ट्रॉम्बोनला ८० च्या वर जाऊ नका. हॉर्न एकाच माईकवर असतील तर ट्रॉम्बोनचा आकडा धरा. बेसला कॉम्प्रेसर ४:१, तीन ते पाच डेसिबल दाबून. मास्टरवर एक-दोन डेसिबलपेक्षा जास्त दाबलं की कॉम्प्रेसर दोन चापांमधली खोलीची सळसळ वर खेचतो. मीटर मोठा दिसतो, गाणं बसतं. गिटारवर गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं यंत्र) लावून शेपट्या कापायचा मोह होईल. ज्या टेकमध्ये हात चुकला असेल तिथे तो गेट खटखट करतो, आणि जिथे हात बरोबर आहे तिथे त्याची गरजच नसते.

ठोकेबाज:

फक्त ड्रमरला दोन मापं क्लिक, हे मान्य. पण आठव्या इनपुटवर खोलीचा कंडेन्सर ठेवणार असाल तर गिटारचा अ‍ॅम्प खरोखर बाहेर गेलाय याची खात्री करा. कपाटाचं दार अर्धवट उघडं असेल तर त्या माईकमध्ये गिटार भिंतीवरून आपटून उशिरा येते. पाच मीटरचा फेरा म्हणजे जवळपास १५ मिलिसेकंद, वर तीच बोथट चाप.

आणि ऑर्गनवाल्याला हेडफोन द्यायला विसरू नका. डीआयमधून जाणारी वाद्यं खोलीत ऐकूच येत नाहीत, मग तो गिटारवाल्याचा हात बघून वाजवतो.